भिंतीला हात

सोयाबीन सोंगायला आलं की माझ्या उजव्या तळहाताला खाज सुटते. तळहात खाजण्याचे आमच्या भागात नाना अर्थ लावतात, त्यातला एकही मला आजवर लागू पडलेला नाही. माझा हात भिंत मागत असतो, एवढंच मला कळतं. पाण्यातली, ओली, गुळगुळीत भिंत.

आश्विनाचे हे दिवसच तसे. गावाकडे शेतं अर्धी मोकळी झालेली असतात. थ्रेशरचा भुसा नाकातोंडात जातो, तुरीला पिवळी फुलं धरलेली असतात, आणि विहिरी काठाजवळ येऊन उभ्या असतात. नेमक्या ह्याच दिवसांत शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा येतात. मी आता बुलढाण्याला पोरांना पोहायला शिकवते, आणि स्पर्धा असली की लेनच्या टोकाला, भिंतीशी, स्टॉपवॉच घेऊन उभी राहते. बाकीचे लोक पोहणाऱ्याला बघतात. मी फक्त शेवटचा हात बघते. हात भिंतीकडे येतो, येतो. पोर कुणाचंही असो, ओळखीचं असो की नसो, मला आपलं वाटतंच की हा हात आता थांबणार.

थांबत नाही कुणाचा. शहरातली पोरं भिंतीवर हात असा आपटतात, जसं काही तिनं त्यांची वही पळवली आहे. पण ह्या वर्षी एकीचा थांबला. वडनेर भोलजीची पोरगी, नववीतली, अंगानं काटक. सराव शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती आणि भिंतीपासून हातभरावर तिनं डोकं वर काढलं, बघितलं, मग बोटं टेकवली. तेवढ्यात शेजारची जिंकून मोकळी झाली. बाकीचे मास्तर म्हणाले, दमली बिचारी. मी तिला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की पोहायला कुठे शिकलीस. ती म्हणाली, "मामाच्या विहिरीत."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

मी जानेफळची. शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहायचे. कारकीर्द म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचं कपाट येतं. माझी कारकीर्द बुटाच्या एका खोक्यात मावते आणि वर झाकणही लागतं. विभागीय दोनदा, राज्य एकदा, पुढे विद्यापीठाकडून तीन वर्षं. राज्याला अंतिम फेरीत आठ जणी होतो आणि मी आठवी आले. हे मी मुद्दाम सगळ्यांना आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी उकरून काढत नाही. खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेक शर्यती आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. लख्ख आठवतात ते बारावीच्या वर्षातले दोन महिने, पोळ्यापासून सोयाबीन निघेपर्यंतचे. ते दोन महिने मी धड झोपले नाही, धड जेवले नाही, आणि ह्या सगळ्याला कारण होती एक भिंत.

पण आधी विहीर सांगायला हवी.

ती आमची स्वतःची विहीर. आजोबांनी आणि त्यांच्या दोन भावांनी खोदलेली. आजोबा तरुण होते तेव्हा त्यांना दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन लांब उभं राहावं लागे, कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा ओतेल. आपल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी ते अंगावरच्या कपड्यांसकट आत उतरले आणि दिवस मावळेपर्यंत वर आलेच नाहीत, असं बाबा सांगत. तेव्हापासून आमच्या घरात पोहता न येणं हे लिहिता न येण्याइतकं लाजिरवाणं. पोरगा असो की पोरगी, सहा वर्षं झाली की पाठीला तेलाची रिकामी कॅन बांधायची आणि द्यायचं ढकलून. मी पाणी प्यायले, ओरडले, बाबांना नाही नाही ते बोलले, आणि आठव्या दिवशी कॅन सोडली. आईला हे सगळं तोंडपाठ आहे. पाहुणे आले की ती अजून सांगते, माझ्या शिव्यांसकट.

बाबा पंचक्रोशीत विहिरीच्या कामाचे. मोटर बसवणं, काढणं, बुडी मारून पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढणं, पडलेल्या बादल्या वर आणणं. कधी बादल्यांपेक्षा वाईट काही वर आणावं लागे, त्या दिवशी ते जेवत नसत. पाण्याखाली दम असा धरायचे की वर उभ्या असलेल्यांचा जीव घाबरा व्हायचा. असा हा माणूस पाण्याला भीत नव्हता. पाण्याच्या कडेला भीत होता.

विहिरीच्या बांधकामात दगडांच्या सांदी असतात. तिथे पारवे घरटी करतात, खेकडे राहतात, आणि खेकड्यांच्या मागोमाग साप येतात. बाबांचा धाकटा भाऊ मधू, माझा काका, पंधरा वर्षांचा असताना पोहून दमला आणि टेकायला म्हणून पश्चिमेच्या कपारीत हात घातला. मेहकरचा दवाखाना गाठेपर्यंत राहिला नाही. बाबा तेव्हा शेजारीच पोहत होते. ह्याच्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. फक्त त्यांचा नियम आम्हाला मिळाला: "कडेले हात लावाचा नाही. लावाचा तं शिडीलेच, अन् तेही आधी पाहून."

नियम नुसता तोंडी नव्हता. बाबा काठावर लांबलचक वेळू घेऊन बसत. कुणाचा हात दगडाकडे गेला की वरून टक्कन बोटांवर बसायचा. जोरात नाही, पण नेम चुकत नसे. दमलात? पाण्यावर पडून राहा. खोकला आला? मधोमध या. शिडीजवळ आलात की डोकं वर, डोळे उघडे, आधी बघायचं, मग लोखंड धरायचं. दहा वर्षं मी त्या वेळूखाली पोहले. आमच्या वस्तीवरची वीसेक पोरं त्याच विहिरीत शिकली आणि एकालाही कधी काही झालं नाही. बाबांना ह्याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

अकरावीला मी बुलढाण्याला आत्याकडे आले. तलावात पहिल्यांदा उतरले तेव्हा तळ दिसला म्हणून गांगरले. आम्हाला काळं पाणी माहीत, त्याचा तळ फक्त बाबांना माहीत. शिवाय सरळ पोहायची सवय कुठली? विहिरीत सरळ जायला जागाच नसते, चार हात मारले की वळावं लागतं. पहिला महिनाभर मी दोरांना धडका देत होते. तरी इंगळे सरांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, माझ्या हातांची फेक बघितली आणि दोन महिन्यांत मला विभागीय स्पर्धेला नेलं.

अमरावतीला, पहिल्या वर्षी, मी अर्ध्या अंगानं पुढे होते. हे मी म्हणत नाही, सर म्हणत. पन्नास मीटरवर कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलली ती झकास. पायांना कुणी कधी बंदी घातली नव्हती. परत येताना तळावरची काळी पट्टी संपली, तिच्या टोकाची आडवी रेघ दिसली, म्हणजे भिंत दोन हातांवर. आणि मी डोकं वर काढलं. बघितलं. मग अलगद बोटं टेकवली, तवा तापला का बघावा तशी. तोवर दोघी भिंतीला हात लावून मागे वळून बघत होत्या. राज्याला पहिल्या दोघी जायच्या.

सरांनी सुरुवातीला ह्यालाच दमणं म्हटलं. मग श्वासाची चूक म्हटलं. मग वर्ष संपत आलं तेव्हा एके दिवशी त्यांनी मला पाण्याबाहेर काढलं, कपडे बदलायच्या खोलीच्या कोरड्या भिंतीसमोर चार पावलांवर उभं केलं आणि सांगितलं की डोळे मिटून चालत जा आणि भिंतीला हात लाव. मी गेले. हात वर झाला आणि भिंतीच्या बोटभर अलीकडे थांबला. डोळे आपोआप उघडले.

सर माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू भिंतीले भेते का वं?"

मी हसले. मग रडायला लागले. खोटं नाही सांगत, तोवर मला स्वतःला माहीत नव्हतं.

पोळ्याच्या आठवड्यापासून 'शंभर हात' सुरू झाले. रोज सकाळी पंधरा मीटरवरून जीव खाऊन यायचं आणि भिंतीवर हात मारायचा, शंभर वेळा. सरांनी भिंतीवर पिवळी पट्टी चिकटवली. हळू पोहताना हात बरोबर लागे. जोरात आले की थांबे. मनाला सांगून बघितलं, हाताला सांगून बघितलं, सरांनी ओरडून बघितलं. फरशीची भिंत आहे, तिला सांद नाही, कपार नाही, मुंगी शिरायला जागा नाही, हे मला समजत होतं. हाताला समजत नव्हतं. त्याच्यावर दहा वर्षं वेळू बसला होता. बारावीचा अभ्यास डोक्यावर, शालेय स्पर्धेचं हे शेवटचं वर्ष. आत्या म्हणायची की ही पोरगी दाराची कडी लावतानाही आधी बघते. ती गमतीनं म्हणायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मला तेव्हा राग यायचा. सरांचा नाही, भिंतीचाही नाही. बाबांचा. तो राग घेऊन मी एका शनिवारी एसटीनं गावी गेले. हिवरा आश्रम गेलं, मेहकर गेलं, मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी गेल्यावर सगळी एका दमात बाबांच्या अंगावर टाकली. तुम्ही शिकवलं म्हणून मी हरले. तुमच्या वेळूनं माझा हात खराब केला.

बाबा मोटरची वायर सोलत बसले होते. ते थांबले नाहीत. म्हणाले, "मी शिकवलं ते जीव वाचवाले शिकवलं. मेडलासाठी नाही शिकवलं."

मी म्हटलं, बाबा, तिथल्या भिंतीत काही नसतं.

"मधूलेही असंच वाटलं होतं."

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी बुलढाण्याला परतले. निघताना त्यांच्याकडे बघितलंही नाही. हे आठवलं की अजून मान खाली जाते. सतरा वर्षांची होते, पण सतराव्या वर्षी सगळंच माफ असतं असं थोडंच आहे.

पुढे सरांनीच बाबांना फोन केला. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, फक्त सरांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं, ते आवाज चढवून म्हणत होते, "सवय तुम्ही लावली, भाऊ. आता तुम्हीच काढा. माह्यानं नाही होत." पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं. आता बाबा सरांशीही बोलणार नाहीत आणि माझ्याशीही.

विभागीय स्पर्धा सोमवारी होती. शनिवारी मी शाळेचा दाखला आणि कपडे घ्यायला गावी आले. रविवारी दुपारी खामगावला बाकीच्या संघाला गाठायचं होतं. रविवारी सकाळी मी अंगणात पिशवी भरत होते तर बाबा आले आणि म्हणाले की पोहण्याचे कपडे घाल अन् विहिरीवर ये. आई भाकरी टाकत होती, ती तशीच उठून उभी राहिली. तिला काय होणार आहे ते ठाऊक होतं की नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही.

त्या वर्षी विहीर काठाखाली तीन हातांवर भरलेली होती. ऊन तिरपं पडलं होतं. शेजारच्या वावरात सोंगणी चालू होती, बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. बाबा शिडीनं उतरले. वेळू नव्हता आणला. मला त्यांनी पूर्वेच्या अंगाला थांबायला सांगितलं आणि स्वतः पोहत पश्चिमेला गेले.

पश्चिमेला आम्ही कुणी जात नसू. ती मधूकाकाची कपार. पाण्याच्या थोडी वर, दोन दगडांमध्ये, काळी. मी म्हटलं, बाबा, नको. ते माझ्याकडे बघत नव्हते, कपारीकडे बघत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं, माझ्याकडे केलं, आणि न बघता उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत. ती सांद त्यांच्या हातानं पूर्ण भरून गेली.

"पाह्य," ते म्हणाले. "काही नाही."

शेजारच्या वावरातलं बोलणं तेव्हाही चालूच असणार. मला मात्र एकदम काही ऐकू येईनासं झालं. बाबांनी डाव्या हातानं कपारीच्या वीतभर बाजूचा सपाट दगड थोपटला. इथे, म्हणाले. पुऱ्या जोरात ये. डोकं वर काढू नको. एकदाच.

मी पायानं मागची शिडी ढकलली आणि निघाले. आमची विहीर मोठी, तरी आठ-दहा हात मारले की संपते. पाणी काळं, समोर काही दिसत नाही, फक्त बाबा तिथे आहेत आणि त्यांचा हात आत आहे एवढंच डोक्यात. मी डोकं वर काढलं नाही. उजवा हात फेकला आणि तो दगडावर फाट्दिशी बसला. तळहात सणसणला. दहा वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या विहिरीला हात लावला होता.

वर आले तर बाबांचा चेहरा आवळलेला होता. मला वाटलं, मधूकाका आठवला. साहजिक आहे, मला वाटलं. मी हसत म्हटलं, बाबा, पुन्हा एकदा मारते. तर ते एकदम तोडून बोलले, "बस झालं. निघ वर."

मला वाईट वाटलं. सर शंभर वेळा मारायला लावतात आणि ह्यांचं एकातच झालं. मी चढले. ते माझ्या मागून चढले, एका हातानं, दुसरा पोटाशी धरून. पाहिलं मी ते. पण मनात काही आलं नाही. वर येऊन त्यांनी टॉवेल हातावर टाकला आणि सांगितलं की खामगावकडे एक मोटर पडली आहे, ती काढून मी तिकडूनच अमरावतीला येतो, शर्यतीच्या वेळेला हजर असेन. आणि ते घरात आईकडे निघून गेले. फाट्यावर मला चुलतभावानं सोडलं. बाबा हात हलवायलाही बाहेर आले नाहीत.

अमरावतीचा तो सोमवार मी कधीही डोळे मिटून पुन्हा बघू शकते. आकाश स्वच्छ, पाणी गार, क्लोरीनचा वास. आमच्या शर्यतीआधी मुलांच्या तीन शर्यती. मी प्रेक्षकांच्या पायऱ्या एकेक करून बघितल्या. पांढरा शर्ट, काळा चेहरा, टक्कल पडायला आलेलं. नव्हते. सर म्हणाले, येतील, गाडी चुकली असेल. दुसरी शर्यत झाली. नव्हते. मग राग आला, जो मला नेहमीच वेळेवर येतो. शब्द देऊन आले नाहीत. मोटर जास्त झाली. ठीक आहे.

ब्लॉकवर उभी राहिले. शिट्टी, आणि पाणी. पहिले पन्नास मीटर मला आठवत नाहीत. कोलांटी आठवते. परतताना उजवीकडे एक निळी टोपी माझ्या बरोबरीनं येत होती, श्वास घेताना दर वेळी दिसायची, कधी थोडी पुढे, कधी थोडी मागे. दंड जळत होते. काळी पट्टी संपत आली. आडवी रेघ दिसली. हीच ती जागा. मान वर उचलायला लागली, मला कळलं की ती उचलते आहे, मी थांबवू शकत नव्हते. आणि डोळ्यांसमोर बाबांचा हात आला, कोपरापर्यंत आत गेलेला. पाह्य. काही नाही. मान राहिली खाली. हात गेला.

नखापासून मनगटापर्यंत कळ गेली एवढी जोरात मी भिंतीवर आपटले. मधलं बोट पुढे महिनाभर वाकत नव्हतं. पहिली भलतीच कुणी आली होती, पलीकडच्या लेनमधली. मी दुसरी. निळी टोपी तिसरी, एका हाताच्या फरकानं. सर काठावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होते.

बाबांचा फोन सरांच्या मोबाइलवर आला. मी कान लावला आणि मी काही बोलणार एवढ्यात त्यांनीच विचारलं, "हात लावला का?"

मी म्हटलं, दुसरी आले. राज्याला जाते.

"ते सर सांगतीन. हात लावला का?"

"लावला."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मागे कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं, पण मी रागात होते, माझ्या कानात ते शिरलंच नाही. मी विचारलं, आले का नाहीत? ते म्हणाले, मोटर निघाली नाही लवकर. मी फोन सरांकडे दिला.

मंगळवारी घरी आले तर बाबांचा उजवा हात सुजलेला, बँडेज बांधलेलं. बाबा डाव्या हातानं चहा पीत होते आणि सांडत होते. मी आईकडे बघितलं. तिनं मग सगळं सांगितलं. मी फाट्यावर जायला निघाले तशी ही दोघं मेहकरच्या सरकारी दवाखान्यात गेली. हात आत असतानाच काहीतरी डसलं होतं, काय ते कपारीच्या अंधारात दिसलं नव्हतं. त्याच कपारीत, जिथे मधूकाकाला डसलं होतं. डॉक्टरांनी दातांची बारीक रांग पाहिली, पाणदिवड असावी, विषारी नाही म्हणाले, तरी एक रात्र ठेवून घेतलं. तोवर सगळा रस्ताभर, विषारी की बिनविषारी, दोघांनाही माहीत नव्हतं. आईला त्यांनी शपथ घातली होती की शर्यत होईपर्यंत मला काही कळता कामा नये. "लय हट्टी माणूस हाये तुहा बाप," आई म्हणाली.

मी बाबांच्या पायाशी बसले आणि रडले, मोठ्यानं. ते म्हणाले, चहा थंडा होऊन राह्यला. एवढंच.

ह्या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. राज्याला मी आठवी आले, सांगितलं आहेच. पण माझा हात पुन्हा कधी भिंतीपाशी थांबला नाही. आणि खरं तर विचारायचं राहून गेलेलं एक होतं, ते दरवर्षी ह्या दिवसांत ओठांवर यायचं आणि मी गिळायचे. आमच्या घरात मधूकाकाबद्दल कुणी विचारत नाही, तशी मी त्या रविवारबद्दलही विचारत नव्हते. वडनेर भोलजीच्या पोरीनं मला भाग पाडलं. तिला मी काय सांगू? तिचा मामा काही कपारीत हात घालणार नाही, आणि घालूही नये.

म्हणून गेल्या रविवारी गावी गेले. बाबांचे गुडघे गेले आहेत, विहिरीत उतरत नाहीत. काठावर खुर्ची टाकून बसतात आणि हातात वेळू असतो, तोच की दुसरा कोण जाणे. खाली माझ्या भावाची पोरगी पाठीला कॅन बांधून तडफडत होती. तिचा हात दगडाकडे गेला. टक्. "कडेले हात लावाचा नाही." मी, जी पोरांना भिंतीवर हात आपटायला शिकवते आणि त्यावर पोट भरते, ती शेजारी बसून हे ऐकत होते आणि मला ते बरोबरच वाटत होतं. तलावात भिंत, विहिरीत शिडी. दोन्ही शिकेल ती, पोरं शिकतात.

वेळू धरलेल्या हातावर, अंगठ्याच्या मागे, बारीक ठिपक्यांची रांग अजून दिसते. उन्हात जरा जास्तच.

मी वडनेरच्या पोरीचं सांगितलं. ते ऐकत राहिले, नजर पाण्यावर. मग मी विचारून टाकलं. म्हटलं, बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं काय चावलं ते. मधूकाकाची कपार ती. चावलं तेव्हा हात काऊन नाही काढला?

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पाणी ओलं का असतं ते विचारलं.

"तू निघाली होती नं तिकडून."